सत्तेचाळिशीतली वेळ आणि पंधरवड्याचे गणित

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. कोथरूडला राहते आणि बँकेत नोकरी करते. ४१व्या वर्षी मैत्रिणीबरोबर धावायला लागले ते आजपर्यंत सुरू आहे. नऊ अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या, पण गेली तीन वर्षे माझी वेळ २ तास ८ मिनिटे ते २ तास १२ मिनिटे यांच्यामध्येच अडकली आहे. सर्वांत चांगली वेळ गेल्या जानेवारीत मुंबईत आली : २ तास ८ मिनिटे ४० सेकंद. पहिले १० किलोमीटर ५८ मिनिटे ३० सेकंदांत झाले होते, पण पेडर रोडच्या चढापासून पाय जड झाले ते शेवटपर्यंत. नुसत्या १० किलोमीटरची माझी सर्वोत्तम वेळ ५७ मिनिटे आहे. आठवड्यातून पाच दिवस मी आमच्या गटाबरोबर धावते, एकूण ४२ किलोमीटर, आणि बहुतेक सगळे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या वेगाने. त्या वेळी घड्याळात हृदयाचे ठोके १५० ते १५५ दिसतात. गटातल्या तरुण मुलांचे पाहून मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा इंटरव्हल (थोडे अंतर जोरात धावून मध्ये विसावा, असे तुकडे) सुरू केले, तर महिन्याभरात टाचेमागची शीर दुखायला लागली. आता ती बरी आहे. वर्षभर पाळी अनियमित झाली आहे, अंगावरून जास्त जाते, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. मी शाकाहारी आहे. सोमवार आणि संकष्टी धरते. येत्या जानेवारीत मला मुंबईत दोन तासांच्या आत यायचे आहे. त्यासाठी सहावा दिवस वाढवू का? की पुन्हा इंटरव्हल करू? घरचे म्हणतात, या वयात घड्याळाशी कशाला झगडतेस. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला नाही तर बाकीचे सल्ले तुम्ही अर्ध्या मनाने पाळाल. घरच्यांची काळजी खरी आहे, पण त्यांचा निष्कर्ष तुमच्या बाबतीत चुकीचा आहे. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते हे खरे. मात्र नियमित आणि पुरेसा व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही विशीत धावत नव्हता. ज्या बाईने पंचविसाव्या वर्षी १ तास ४० मिनिटांत अर्धमॅरेथॉन धावली होती तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी ती वेळ पुन्हा गाठणे अवघड जाईल. तुमच्यापुढे मात्र स्वतःचा असा कोणताही जुना विक्रम उभा नाही. तुमचे वय ४७ असले तरी तुमच्या धावण्याचे वय सहा वर्षे आहे. ब्रिटनच्या प्रिसिला वेल्च पस्तिशीच्या आसपास धावू लागल्या, तोवर त्या सिगारेट ओढत होत्या, आणि १९८७ साली ४२व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. त्यांची देणगी असामान्य होती आणि त्यांच्याशी कुणी तुलना करू नये; पण उशिरा सुरुवात करणाऱ्याच्या शरीरात वाढायला किती जागा शिल्लक असते, हे त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट दिसते.

आता तुमच्या दोन्ही प्रश्नांची थेट उत्तरे : सहावा दिवस वाढवू नका, आणि आठवड्यातून दोनदा इंटरव्हल तर नकोतच. तुम्ही दिलेल्या आकड्यांमध्येच याचे कारण आहे, आणि इतके नेमके आकडे लिहून पाठवल्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

१० किलोमीटर ५७ मिनिटांत धावणाऱ्या व्यक्तीची अर्धमॅरेथॉनची वेळ, तयारी पुरेशी असेल तर, साधारण २ तास ६ मिनिटांच्या आसपास यायला हवी. तुमची वेळ त्याहून जवळपास तीन मिनिटांनी मागे आहे. म्हणजे आज तुम्हाला वेगापेक्षा तो वेग टिकवण्याची ताकद कमी पडते आहे. मुंबईत तुम्ही पहिले १० किलोमीटर किलोमीटरला ५:५१ (५ मिनिटे ५१ सेकंद) या वेगाने धावलात आणि उरलेले ११ किलोमीटर ६:१९ या वेगाने. ५:५१ हा वेग तुमच्या १० किलोमीटरच्या सर्वोत्तम वेगापेक्षा, म्हणजे ५:४२ पेक्षा, अवघा नऊ सेकंदांनी मंद आहे. २१ किलोमीटरच्या शर्यतीची सुरुवात त्या वेगाने करणे म्हणजे पहिल्या तासातच उधारी करून ठेवणे, आणि पेडर रोडने ती उधारी वसूल केली. चढाला दोष देऊ नका. तो चढ सपाट असता तरी चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला तुमचे पाय जड झालेच असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या रोजच्या धावण्यात आहे. शर्यतीचा तुमचा सरासरी वेग ६:०६ होता आणि रोज सकाळी तुम्ही ६:१५ ने धावता. याचा अर्थ असा की गटातला तुमचा प्रत्येक दिवस जवळजवळ शर्यतीच्या वेगाचा असतो. तुमच्या वयाला हृदयाचे कमाल ठोके सूत्रांनुसार १७३ ते १७५ येतात. ही सूत्रे एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा ठोक्यांनी इकडेतिकडे चुकू शकतात, पण तेवढी सूट धरूनही १५० ते १५५ ठोके म्हणजे कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या वरचे काम आहे. ते आठवड्यातून पाच दिवस, सहा वर्षे तुम्ही करत आला आहात. पहिली दोन-तीन वर्षे त्याने वेळ सुधारली, कारण नव्या शरीराला कोणताही व्यायाम लागू पडतो. नंतर मात्र हा वेग धड कुठलेच काम करत नाही : कमाल क्षमता वाढवण्याइतका तो जलद नसतो, आणि दुसऱ्या दिवशी ताजे उठता येईल इतका तो हळू नसतो. तुम्ही रोज थोड्या थकलेल्या असता, त्यामुळे जलद धावण्याच्या दिवशी पुरेसे जलद धावता येत नाही आणि लांब धावण्याच्या दिवशी पुरेसे लांब जाता येत नाही. सहावा दिवस वाढवला असता तर हाच थकवा आणखी एक दिवस वाढला असता.

म्हणून माझा मुख्य सल्ला एकच आहे आणि पुढचे सगळे त्याच्या आधाराने आहे : तुमच्या दिवसा-दिवसांत फरक आणा. सोपे दिवस खरोखर सोपे करा, म्हणजे अवघड दिवस खरोखर अवघड करता येतील, आणि दोन अवघड दिवसांमध्ये विशीतल्या मुलापेक्षा जास्त अंतर ठेवा.

सोपे म्हणजे किती सोपे? तुमच्यासाठी किलोमीटरला ७:०० ते ७:३०. हा आकडा वाचून तुम्हाला धक्का बसेल हे मला माहीत आहे. मी ज्यांना ज्यांना हे सांगितले त्यांतल्या बहुतेकांना तो बसला. पण हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त वाढणे, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढणे, चरबीचे इंधन वापरण्याची सवय लागणे, हे लांब पल्ल्याच्या धावण्याला लागणारे बदल मंद वेगातही होतात, आणि त्यासाठी शिरा-सांध्यांना मोजावी लागणारी किंमत बरीच कमी असते. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली ७३व्या वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण मॅरेथॉन धावले. घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास, अगदी संथ फेऱ्या मारणे हा त्यांच्या सरावाचा पाया होता, आणि जलद धावणे ते मुख्यतः शर्यतींसाठी राखून ठेवत. त्यांच्याइतका वेळ तुमच्या-माझ्याकडे नाही, पण संथ धावण्याची त्यांना कधी लाज वाटली नाही, एवढे तरी आपण घ्यावे.

घड्याळातल्या ठोक्यांवर पूर्ण विसंबू नका; मनगटावरचे मोजमाप घामाने आणि सैल पट्ट्याने चुकते. पाठ असलेला एखादा श्लोक धावता धावता मोठ्याने म्हणून पाहा. चारही चरण मध्ये दम न तुटता म्हणता आले तर वेग बरोबर आहे. दुसऱ्या चरणानंतर थांबावे लागले तर हळू व्हा. ठोके १३०च्या वर, १४०च्या आत राहावेत, एवढा अंदाज पुरे. टेकडीच्या बाजूला मातीची वाट असेल तर सोपे दिवस तिथेच घालवा, आणि चढ आला की सरळ चाला. आणि आता जे सांगणार आहे ते तुम्हाला सर्वांत जड जाईल : हे दिवस गटापासून वेगळे, एकटीने धावा. गटाच्या वेगाने रोज धावायचे हा मुळात कुणाचाच ठरवलेला बेत नसतो. चार माणसे एकत्र आली की वेग आपोआप चढतो आणि मागे राहणे कुणालाच नको असते. गट सोडू नका, रविवारी आणि चहाला त्यांच्याबरोबर राहा, पण मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ तुमच्या स्वतःच्या वेगाची असू द्या.

आता वेळापत्रक. सात दिवसांत दोन अवघड सत्रे, एक लांब धाव, सोपे दिवस आणि विश्रांती हे सगळे कोंबायचे, हा नियम विद्यार्थ्यांसाठी आणि व्यावसायिक खेळाडूंसाठी ठीक आहे. चाळिशीनंतर स्नायूंची झीज भरून यायला जास्त वेळ लागतो. पूर्वी एका दिवसात जाणारी ठणक आता दोन-तीन दिवस राहते, आणि स्नायू हाडांना जोडणाऱ्या शिरा तर स्नायूंपेक्षाही सावकाश सुधारतात. म्हणून आठवड्याऐवजी पंधरवडा मोजा. तुम्ही बँकेत आहात, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी यासाठी फार सोयीची आहे.

ज्या आठवड्यात शनिवारी कामावर जायचे आहे त्या आठवड्यात सोमवारी विश्रांती, मंगळवारी सोपे ८ किलोमीटर, बुधवारी टेम्पो (जोरात पण आटोक्यातले धावणे), गुरुवारी धावणे नाही, शुक्रवारी सोपे ६, शनिवारी अगदी सावकाश ५ आणि रविवारी गटाबरोबर १५ किलोमीटर, तेही सोपेच. ज्या आठवड्यात शनिवारी सुट्टी आहे त्या आठवड्यात मंगळवारी सोपे ८, बुधवारी चढ किंवा इंटरव्हल, शुक्रवारी सोपे ६, शनिवारी पंधरवड्यातली सर्वांत लांब धाव, आणि रविवार पूर्ण मोकळा. लांब धावेनंतर दुपारी झोपता आले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी काहीही न करण्याची मुभा असली पाहिजे. घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला ही मुभा मिळत नाही, ती ठरवून घ्यावी लागते, म्हणून घरच्यांना सुट्टीच्या शनिवारचे हे आधीच सांगून ठेवा. अशा रीतीने चौदा दिवसांत दहाऐवजी नऊ वेळा धावणे होईल, एकूण अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहील. दर चौथ्या आठवड्यात सगळे अंतर एक तृतीयांशाने कमी करा. त्यातला एक हलका आठवडा नवरात्रात येईल असे बघा. नऊ दिवसांचे उपवास आणि अवघड सराव एकत्र करू नयेत.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत सुमारे वीस आठवडे आहेत, म्हणजे दहा पंधरवडे. पहिले तीन पंधरवडे सपाटीवरचे इंटरव्हल अजिबात नकोत. त्याऐवजी वेताळ टेकडीकडे जाणाऱ्या चढावर, नीट अंग गरम झाल्यावर, ४५ सेकंद जोरात चढायचे आणि चालत खाली यायचे, असे सुरुवातीला सहा वेळा आणि पुढे दहापर्यंत. चढावर वेग कमी असल्याने पाय जमिनीवर कमी जोराने आदळतो, तरीही हृदय आणि मांड्या पुरेपूर काम करतात. टाचेमागच्या शिरेवर मात्र चढाचा ताण येतो, म्हणून फार उभा चढ निवडू नका, आणि सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच आखडलेली वाटली तर त्या दिवशीचे चढ सोडून द्या. टेम्पो म्हणजे धाप लागते पण आटोक्यात राहते, दोन-तीन शब्द बोलता येतात, असा वेग. तुमच्यासाठी ५:४५ ते ५:५०. सुरुवातीला आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये तीन मिनिटे सावकाश धावणे. डिसेंबरपर्यंत पंधरा मिनिटांचे दोन तुकडे. मधल्या चार पंधरवड्यांत चढाच्या जागी ८०० मीटरचे पाच तुकडे घ्या, प्रत्येकी ४ मिनिटे २० ते २५ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटे चालणे आणि हळू धावणे. शेवटच्या तुकड्यानंतर ‘अजून एक जमला असता’ असे वाटले पाहिजे. जमिनीवर बसावे लागले तर तो दिवस चुकला. लांब धाव १६ किलोमीटरपासून दर पंधरवड्याला थोडी थोडी वाढवत २० पर्यंत न्या, आणि नोव्हेंबरपासून तिचे शेवटचे ४ ते ६ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावा. तुमची उणीव पंधराव्या किलोमीटरनंतरची आहे, म्हणून थकलेल्या पायांनी धरलेला हा वेग तुमच्यासाठी सगळ्या इंटरव्हलपेक्षा मोलाचा आहे.

मी इतक्या सावधपणे का सांगते आहे, त्याला माझा अनुभव कारण आहे. पन्नाशीत मी स्वतः तुमच्याच वाटेने गेले होते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलींबरोबर आठवड्यातून दोनदा ट्रॅकवर धावत होते, पाच आठवडे वेळ भराभर सुधारली, आणि सहाव्या आठवड्यात पोटरीचा स्नायू फाटला. अकरा आठवडे धावणे बंद झाले. त्या वर्षीची शर्यत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिली. मार्चमध्ये तुमची शीर दुखली तेव्हा तुम्ही वेळेवर थांबलात, हे तुम्ही माझ्यापेक्षा शहाणपणाने केले.

वय वाढते तसे धावणाऱ्याचे पाऊल आखूड होते, आणि याचे मोठे कारण पोटरी व घोट्यातून मिळणारा रेटा कमी होणे हे आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास वजनाचे व्यायाम केल्याशिवाय तो परत येत नाही. एकदा बुधवारी संध्याकाळी, आणि दुसऱ्यांदा सोयीच्या दिवशी, मात्र लांब धावेच्या आदल्या दिवशी नाही. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एका पायावर, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, सावकाश. हा एक व्यायाम तुमच्या शिरेसाठी औषधासारखा आहे. त्याच्या जोडीला स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे) आणि एका पायावर पायरी चढणे. हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन पन्नास वेळा करण्यापेक्षा, जाणकाराकडून पद्धत शिकून घेऊन, सहा ते आठ वेळांतच थकवील इतके वजन उचला. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते तसे स्नायू आणि हाडे दोन्ही वेगाने झिजू लागतात. हाडांना खरे वजन पेलायला मिळाले तरच ती टिकतात, आणि नुसते धावणे त्यासाठी पुरे पडत नाही.

तुमच्या पत्रातल्या ज्या दोन ओळी तुम्ही ओघात लिहिल्या आहेत, त्यांनी मला सर्वांत जास्त थांबवले : अंगावरून जास्त जाणे आणि पहाटे तीनची जाग. हे धावण्याच्या वेळापत्रकाने सुटणारे नाही, आणि मी डॉक्टर नाही, म्हणून हा भाग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायलाच हवा. जास्त रक्तस्राव होणाऱ्या, शाकाहारी, घाम गाळणाऱ्या बाईच्या शरीरातले लोह कमी असण्याची शक्यता मोठी असते; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी करून घ्या, कारण हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि तसे असेल तर शेवटच्या टप्प्यात पाय जड होण्याचे ते एक कारण ठरेल. त्याच वेळी ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि साखर पाहून घ्या. रक्तदाब आणि ईसीजी यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. चाळिशीनंतर जोरकस सराव सुरू करण्यापूर्वी हे करणे योग्यच आहे, आणि धावताना छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर त्याच क्षणी थांबा. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. नको असताना घेतलेले लोहही त्रास देते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा मात्र आजपासून बंद करा, आणि पालेभाजी, उसळींवर लिंबू पिळा.

झोपेबद्दल एवढेच सांगते की ज्या रात्री तीनला जाग आली आणि पुन्हा डोळा लागला नाही, त्या सकाळी टेम्पो किंवा चढ असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ढकला किंवा सोपे धावा. पंधरवडा मोजण्याचा हा आणखी एक फायदा आहे : एक सत्र दोन दिवस पुढे गेले तरी काही बिघडत नाही.

आहारात तुम्हाला दोन बदल करावे लागतील. पहिला प्रथिनांचा. वाढत्या वयात स्नायूंना तेवढीच दुरुस्ती करायला जास्त प्रथिने लागतात. शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा, म्हणजे वजन ५८ किलो असेल तर दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम. धावून आल्यावर पोहे आणि दुपारी पोळी-भाजीचा डबा, एवढ्यावर हा आकडा निम्माही गाठला जात नाही. वाटीभर शिजलेल्या डाळीत ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम, असा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक खाण्यात काहीतरी असू द्या. दुसरा बदल उपवासाचा. सोमवारचा उपवास सोडण्याची गरज नाही, म्हणूनच सोमवार विश्रांतीचा ठेवला आहे. पण त्या दिवशी साबुदाण्याऐवजी दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा यांवर भर द्या. संकष्टी बुधवारी आली तर अवघड सत्र हलवा. रिकाम्या पोटी जोरात धावून चरबी जास्त जळते असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा; तुमच्या वयाच्या बाईला कमी खाऊन जास्त धावणे फार महाग पडते, ते हाडांना भोवते.

बुटांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, ते बरे झाले. पायाला बसणारे आणि झिजलेले नसलेले बूट असले की पुरे.

दोन तासांच्या उद्दिष्टाबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. दोन तास म्हणजे किलोमीटरला ५:४१, जो जवळजवळ आज तुमचा १० किलोमीटरचा सर्वोत्तम वेग आहे. वीस आठवड्यांत तो २१ किलोमीटर टिकवणे शक्यतेच्या कडेवरचे आहे. माझ्या मते या जानेवारीत २ तास ४ मिनिटे हे रास्त उद्दिष्ट आहे आणि दोन तास हे त्यापुढच्या जानेवारीचे. पण हे आज ठरवू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात एखादी १० किलोमीटरची शर्यत मन लावून धावा. ती ५६ मिनिटांत झाली तर मुंबईत २ तास ४ मिनिटांच्या वेगाने, म्हणजे ५:५३ ने धावायचे. ५४ मिनिटे ३० सेकंदांत झाली तर मात्र मी स्वतः तुम्हाला दोन तासांसाठी धावा म्हणेन.

शेवटच्या पंधरवड्यात अंतर आधी एक तृतीयांशाने आणि मग निम्म्याने कमी करा, पण बुधवारचे थोडे जलद धावणे ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. पुण्यातली जानेवारीची पहाट कोरडी आणि थंड असते, मुंबईची दमट. शर्यतीपूर्वीच्या दहा-बारा दिवसांत काही सोपे दिवस सकाळी आठनंतर, एखादा जास्तीचा कपडा घालून धावलात तर शरीराला घामाची सवय होईल. शर्यतीत पहिले पाच किलोमीटर ६:०० च्या आत जायचेच नाही, कितीही हलके वाटले तरी. यंदाचा मार्ग संयोजक जाहीर करतील तेव्हा चढ कितव्या किलोमीटरला आहे ते पाहून ठेवा, आणि तिथे वेगाकडे न पाहता श्वासाची लय धरून राहा. किलोमीटरमागे वीस सेकंद गेले तरी जाऊ द्या, त्यातले बरेचसे उतारावर परत मिळतात. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला उभे राहू नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना इजा करू शकते. तहान लागेल तसे पाणी प्या, आणि चाळिसाव्या मिनिटापासून दर अर्ध्या तासाला दोन खजूर किंवा तुम्ही सरावात वापरलेले ऊर्जा देणारे जेल घ्या.

या आठवड्यात एवढे करा : रक्ततपासणीची वेळ घ्या, आणि येत्या मंगळवारी एकटीने आठ किलोमीटर ७:१५ ने धावा. गटातल्या कुणी विचारले की आज इतकी हळू का, तर खरे कारण सांगा. तुमच्या गटात तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच अडकलेली आणखी एखादी असेल, तर शुक्रवारी ती तुमच्याबरोबर येईल.